दामू मंडपवाल्याचं विकाऊ घर

धसईच्या अलीकडे जो फाटा लागतो, तिथं एसटीच्या थांब्यासमोर पिस्ता रंगाचं दुमजली घर आहे, ते दामू गोजरचं. घर चांगलं आहे. पाणी आहे, वीज आहे, मागं आंब्याचं झाड आहे. गच्चीवरून सिद्धगडही दिसतो, म्हणजे हवा स्वच्छ असली, माणूस पाण्याच्या टाकीवर चढला आणि शेजारी बोट दाखवायला कुणी उभं राहिलं, तर दिसतो. असं हे घर दोन पावसाळे विकायला काढलेलं होतं आणि विकलं जात नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, चहा प्यायचं, ‘कळवतो’ म्हणायचं आणि जायचं. त्या कळवतोवाल्यांना जेवढा चहा पाजला गेला, तेवढा दामूच्या पोराच्या लग्नातही लागला नव्हता.

दामू कोण, ते आधी सांगायला हवं. दामू म्हणजे मंडपवाला. पंचक्रोशीत कुणाची हळद असो, लग्न असो नाहीतर दहावं-बारावं, ते दामूच्या कापडाखाली व्हायचं. उभ्या आयुष्यात त्यानं एकच विद्या कमावली आणि ती म्हणजे झाकणं. नवऱ्यामुलाच्या घराला भिंत नसली तर कापडाची भिंत. गोठ्याचा वास येत असला तर गोठ्यावर झालर आणि समोर पंखा. एका लग्नात तर मुलीच्या बापानं रुसून बसलेल्या भावाला लपवायला सांगितलं, तेव्हा दामूनं त्यालाही स्टेजमागे पडदा लावून जेवायला बसवला होता. ‘कापड लावलं की झालं,’ हे त्याचं ब्रीदवाक्य. पाहुणे जाईपर्यंत टिकलं म्हणजे काम चोख, असा त्याचा हिशेब होता आणि लोकांचाही तोच होता, त्यामुळे दामूला कधी कुणी नाव ठेवलं नाही.

पुढं मुरबाडला हॉल झाले. हळदीला एलईडीच्या भिंती आल्या, धूर सोडणारी यंत्रं आली, आणि दामूचं कापड माळ्यावर गेलं. त्यात बांबू उचलून उचलून गुडघे गेले. अशातच तो चार दिवस बदलापूरला पोराकडे, आदेशकडे, राहून आला आणि तिथल्या लिफ्टवर त्याचा जीव जडला. सातव्या मजल्यावर पाय न उचलता जायचं, ही गोष्ट त्याला फारच पटली. खाली बाकडी होती, बाकड्यांवर रिटायर माणसं बसलेली होती आणि त्यांना कुणी काही काम सांगत नव्हतं. स्वर्ग म्हणतात तो बदलापूर पूर्वेला आहे, अशी त्याची खात्रीच झाली.

मग एका रविवारी आदेश आणि सून रुचिता घरी आले. मटणाच्या ताटावर बसून सगळं ठरलं. इथलं घर विकायचं, तिकडे मोठा फ्लॅट घ्यायचा आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं. रुचिता मनापासून म्हणाली, आईंनाही आराम मिळेल. आई म्हणजे दामूची बायको सकुबाई. ती त्या वेळी आत चुलीशी भाकऱ्या थापत होती, म्हणून तिला विचारायचं राहून गेलं. भाकऱ्या थापणाऱ्या बाईला काय विचारायचं असतं, तर अजून एक आहे का. तेवढं विचारलं आणि तिनं दिली.

घर विकायचं काम प्रणितकडे गेलं. प्रणित फाट्यावरचा इस्टेट एजंट. आधी त्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं, पण मुंबईची माणसं जागा बघत फिरायला लागली तसा त्यानं काळा चष्मा घेतला आणि एजंट झाला. घर विकण्याचं शास्त्र त्यानं मोबाइलवर पाहून आत्मसात केलं होतं. तो म्हणाला, काका, घर पॉझिटिव्ह वाटलं पाहिजे. पसारा काढा, उजेड येऊ द्या, भिंतीवरची ओल दिसता कामा नये. यातलं दामूला शेवटचं वाक्य तेवढं समजलं. ओल काढणं वेगळं आणि दिसू न देणं वेगळं, हा भेद दामूला कुणी शिकवलाच नव्हता. त्यानं माळ्यावरून कापड काढलं. ओल होती तिथं गुलाबी सॅटिनच्या चुण्या, छत गळत होतं तिथं पांढरी झालर, जिन्याचा कठडा हलत होता त्याला प्लास्टिकच्या झेंडूची माळ. पुढचं गिऱ्हाईक दारातच थबकलं आणि घरात काही कार्य आहे का, आम्ही नंतर येऊ का, असं विचारू लागलं. त्यातली बाई जास्त चौकस निघाली. तिनं चुणी बाजूला केली आणि मागची भिंत बघून नवऱ्याला डोळ्यांनीच खूण केली. तेही कळवतो म्हणून गेले.

प्रणितनं दुसरा उपाय काढला. तिसराही काढला. कुणी सांगितलं, उत्तरेला आरसा लावा, लावला. कुणी म्हणालं, गिऱ्हाईक यायच्या वेळी तुपात काहीतरी परता, वास चांगला सुटतो. सकुबाईनं निमूट शिरा केला, गिऱ्हाइकानं खाल्ला, छान झालाय म्हणालं, आणि कळवतो.

खरी गोम घरात नव्हतीच, घराच्या भिंतीशी होती. मुरबाडहून एसटी यायची, आणि खड्ड्यांतून हादरत आलेला पुरुषवर्ग खाली उतरला की सरळ रस्ता ओलांडून दामूच्या कंपाउंडला तोंड करून ओळीनं उभा राहायचा. त्यात म्हातारे होते, कॉलेजची पोरं होती, एक निवृत्त मास्तर होते. जात, पक्ष, वय असला भेद त्या भिंतीनं कधी केला नाही. दामूनं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘येथे लघवी करू नये’. लोकांनी ते आवडीनं वाचलं. करता करता वाचायला काहीतरी झालं. आता मुंबईहून गाडी घेऊन घर बघायला आलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय दिसायचं, तर सात-आठ पाठी. आणि वास तर गाडीची काच खाली करायच्या आधीच आत यायचा. याला काही कापड लावता येत नव्हतं. दामूनं एकदा लावून पाहिलं होतं, तर लोकांना आडोसा झाला.

शेवटी एक दिवस दामूच्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस पाटीला भीत नाही, पोलिसाला भीत नाही, पण देवाकडे तोंड करून कुणी असलं काम करायचा नाही. देव हवा. आता देव कुठून आणायचा? तर मागच्या मोरीवर एक दगड होता. काळा, उभट, गुळगुळीत. सकुबाईचा धुण्याचा दगड. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं नदीतून आणून दिला होता, आणि तेव्हापासून सगळ्या घराचं धुणं, दामूचं लग्नाघरचं हळदीनं माखलेलं कापडसुद्धा, तिनं त्याच्यावरच आपटलं होतं. आदेशनं दोन वर्षांमागे वॉशिंग मशीन आणून दिलं होतं. त्यात ती वाल साठवायची. मशीन घरात असताना दगडाचं काय काम, असं म्हणून दामूनं मनाची समजूत घातली. सकुबाई मुरबाडला बहिणीकडे गेली होती. भर दुपारी, थांब्यावर चिटपाखरू नसताना, त्यानं दगड लोटत लोटत पुढं आणला आणि भिंतीच्या कोपऱ्यात उभा केला. तेलात शेंदूर कालवून थापला. जवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून कधीतरी आणलेले चांदीच्या रंगाचे डोळे ट्रंकेत होते, ते चिकटवले. वर झेंडूची माळ घातली, प्लास्टिकचीच. काम सुबक झालं. झाकण्यात त्याचा हात कोण धरणार?

संध्याकाळी सकुबाई आली. मोरीवर गेली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन दगडाचं विचारलं. दामूनं ठोकून दिलं की गटार साफ करायला माणसं आली होती, त्यांच्या हातून फुटला, तुकडे नेऊन टाकले. सकुबाई ‘बरं’ म्हणाली. एवढंच. दामूला हायसं वाटलं. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर ज्या नवऱ्याला बायकोच्या ‘बरं’नं हायसं वाटतं, त्याला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

उपाय मात्र रामबाण निघाला. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीची माणसं सवयीनं रस्ता ओलांडून आली, थबकली, चपला काढून नमस्कार करून परत गेली आणि पलीकडच्या शेताकडे वळली. शेतवाल्याचं काय झालं, तो विषय वेगळा. भिंत आठवड्यात वाळली. दामूनं चुना मारला, कुंड्या मांडल्या. आणखी एक गोष्ट त्याला दिसली होती. दगड बसवला त्याच्या दुसऱ्याच सकाळी, गाडी यायच्याही आधी, पुढ्यात एक नारळ फुटलेला होता. कोण भला माणूस इतक्या लवकर पावला, याचं त्याला नवल वाटलं. एसटीचा ड्रायव्हर असेल म्हणून त्यानं सोडून दिलं आणि खोबरं उचलून चटणीला नेलं. सकुबाईनं चटणी वाटली, पण स्वतः खाल्ली नाही.

आणि मग ठाण्याहून ते जोडपं आलं. साहेब बँकेतून निवृत्त झालेले, बाई शाळेतून. गाडीतून उतरताच बाईंना पांढरी भिंत दिसली, कुंड्या दिसल्या, कोपऱ्यातला शेंदरी देव दिसला, आणि त्या म्हणाल्या, किती प्रसन्न वाटतंय. प्रणितनं चष्मा काढून दामूकडे पाहिलं. ओल होती ती त्यांनी पाहिली, जिना हलत होता तो हलवून पाहिला, आणि तरी म्हणाले की करून घेऊ. पहिल्यांदाच कुणी ‘कळवतो’ म्हणालं नाही. म्हशाची जत्रा झाली की कागद करू असं ठरलं. दामूनं बदलापूरला फोन करून लिफ्ट चालू आहे ना, याची चौकशी केली. सकुबाई पाहुण्यांच्या कपबश्या विसळत होती. तिला म्हणाला, आता बांधाबांध करायला घे. ती बरं म्हणाली.

पण देव एकदा उभा केला की तो मालकाच्या ऐकण्यात राहत नाही. एका जीपवाल्याचा घाटात ब्रेक लागेना, तरी तो वाचला. त्याला आठवलं की निघताना आपण फाट्यावरच्या देवाला हात जोडले होते. ब्रेक महिनाभर दाखवला नव्हता, हे त्याला आठवलं नाही. कुणाची म्हैस सापडली. एक पोरगा बारावीला तिसऱ्या खेपेला सुटला. नाव पडलं थांबोबा. येणारी गाडी हॉर्न वाजवून पुढं जाऊ लागली. कुणी घंटा टांगली, कुणी समई आणली. थांबोबा मूळचा कुठला, याचीही माहिती बाहेर आली: तो म्हणे सिद्धगडावरून आला, दामूच्या स्वप्नात गेला आणि म्हणाला, मला रस्त्याला आण. दामूला हे स्वप्न लोकांकडूनच कळलं. तो नाही म्हणायला गेला, तर लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस आहे.

पौषात म्हशाची जत्रा भरली आणि हा कहर झाला. बैल घेऊन जाणारे, पाळणेवाले, घोंगडीवाले, सगळे वाटेत दामूच्या कोपऱ्यावर थांबू लागले. तरुणांनी मंडळ काढलं आणि दामूला अध्यक्ष केलं. देवाला सावली पाहिजे म्हणून मंडप मागितला. अध्यक्ष फुकट मंडप नाही कसा देणार? जे सॅटिन ओल झाकायला भिंतीवर होतं, तेच काढून देवावर गेलं. स्पीकर लागला. सकाळी आरती, संध्याकाळी आरती, मधल्या वेळात पोरं तो तपासून बघत. घरातली ओल पुन्हा सगळ्यांना दिसू लागली, पण बघायला घरात कोण येत होतं?

साहेब आणि बाई कागदांसाठी आले, ते गाडी लांब लावून गर्दीतून वाट काढत आले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, देवाचं आम्हाला वावडं नाही, पण दारातच अशी जत्रा असेल तर राहायचं कसं? साहेबांनी मधला मार्ग काढला. देव रस्त्यापलीकडे, थांब्याशेजारी हलवता आला तर बघा, आम्ही चार दिवस थांबतो. दामू मनात हसला. ज्यानं बसवला त्याला हलवायला काय? नदीतला दगड तो, खाली चिरा नाही की पाया नाही, नुसता टेकवलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पहार घेतली. अध्यक्ष देवाजवळ पहार घेऊन उभा, याचं कुणाला वावगं वाटणार नाही, हा त्याचा होरा बरोबर होता. तेवढाच बरोबर होता. त्यानं बुडाशी दोन घाव घातले, तोवर मंडळातली पोरं धावत आली. अध्यक्ष स्वतः चौथऱ्याचा पाया खोदतायत, हे बघून त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी त्याच्या हातातली पहार काढून घेतली, या वयात कशाला म्हणून त्याला खुर्ची दिली. एकानं सिमेंटची गोणी आणली, एकानं रेती, बांधकामावरचा एक गवंडीच दर्शनाला आला होता, तो धोतर खोचून बसला. दामू हात वर करून काही बोलू लागला, तर लोकांना वाटलं आशीर्वाद देतोय. बोलणार तरी काय होता? हा देव नाय, माझ्या बायकोचा धुण्याचा दगड आहे, असं? थांब्यावर तेव्हा शंभरेक माणूस होता आणि प्रत्येकाचं काही ना काही भलं झालेलं होतं. संध्याकाळपर्यंत दगड गुडघाभर काँक्रीटमध्ये गेला, भोवती पांढऱ्या लाद्या बसल्या आणि दामूच्या गळ्यात हार पडला. या वेळी झेंडू खरा होता.

प्रणितनं फोटो साहेबांना पाठवला. साहेबांनी फार सुंदर झालंय असं उत्तर दिलं आणि शहापूरकडे दुसरं घर बघितलं. प्रणित दामूला म्हणाला, काका, आता हे घर देवाच्या बापालाही विकलं जायचं नाही. चष्मा लावून तो निघून गेला.

दामू हारासकट ओट्यावर बसला होता. गर्दी पांगली होती, शेवटची गाडी अजून यायची होती. त्याला खरोखर रडू येत होतं. लिफ्ट गेली, बाकडं गेलं, आणि हे सगळं आपल्याच हातानं. एवढ्यात सकुबाई आतून आली. नवं लुगडं नेसली होती, हातात नारळ आणि तांब्या. ती चौथऱ्याकडे निघालेली बघून तो वैतागला. तू पण लागलीस का त्याच्या नादाला, असं काहीतरी म्हणाला. ती थांबली.

“नवस फेडायला चालली,” ती म्हणाली. “बोलला होता ना मी. पहिल्याच दिशी. नारळ फोडून.”

दामूला ते खोबरं आठवलं. चटणी आठवली. त्यानं हळूच विचारलं, कसला नवस?

“घर इकू नको देऊस, म्हून.” तिनं तांब्या कठड्यावर ठेवला. “तुमाला काय वाटलं, शेंदूर थापला म्हंजे मला वळखू येनार नाय? त्याच्या बुडाला टवका आहे तो आदेशनं लहानपनी पाडलेला. माज्या हाताखालचा दगड तो. सासू गेली तवा त्याच्यावर बसून रडले. तुमी लगनसराईत पंधरा पंधरा दिस घरी नसायचे, तवा जे तुमाला सांगायचं ते धुनं आपटताना त्यालाच सांगितलं. तो माजं ऐकनार नाय तर कुनाचं ऐकनार? त्याला म्हनलं, एवढं काम कर बाबा, परत जन्मात तुझ्यावर गोधडी आपटनार नाय.”

दामू म्हणाला, मग तू मलाच का नाय सांगितलंस?

“तुमी इचारलं कवा?”

ती चौथऱ्याशी गेली. नारळ एका घावात फोडला, पाणी दगडावर ओतलं आणि ओल्या हातानं त्याच्या डोक्यावर असं थोपटलं, जसं ती धुणं संपल्यावर थोपटायची. दामूनं ते आयुष्यभर पाहिलं होतं आणि आज पहिल्यांदा बघितलं. झाकायला काहीतरी हवं म्हणून त्याचा हात खांद्यावरच्या पंच्याकडे गेला, आणि मग त्या पंच्यानं त्यानं तोंड पुसलं.

परत येताना ती म्हणाली की उद्या नदीवर जाऊन दुसरा दगड आणा, धुणं साठलंय, मशीनमध्ये वाल आहेत. आणि त्याला शेंदूर लावू नका.

तेवढ्यात आदेशचा फोन आला. कागद झाले का, विचारत होता. दामूनं घसा साफ केला. म्हणाला, “नाय रे. घर इकायचं नाय. देवाची मर्जी नाय.”

“देवाला कशाला मधी घालता,” आतून सकुबाई म्हणाली. “माजी नाय म्हना.”

पोरगा तिकडून हॅलो हॅलो करत होता.

“तुज्या आयची मर्जी नाय,” दामू म्हणाला. “आपुन तिला इचारलंच नवतं.”